दोन अंक उजळ

३ मार्च, सोमवार

ठकूने आणलेल्या तीन पुस्तकांतलं सगळ्यात बारकं पुस्तक म्हणतं, की वाचताना मनात येईल ते रोज एका वहीत लिहा, आणि खाडाखोड करू नका. रोज वगैरे मला जमणार नाही. दुपारी एक ते चार आमच्या फोटो स्टुडिओत कुत्रं फिरकत नाही, तेव्हा लिहीन. खाडाखोड तर करणारच. एकतीस वर्षं तोच धंदा केलाय.

झालं ते असं. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो दर वर्षी आमच्याकडे असतात. चौथीतली एक मुलगी परीक्षेला गेली, तर फाटकावरचा नवा रखवालदार कार्ड बघून म्हणाला, "ही तू नाहीस." पोर चाळीस मिनिटं फाटकाबाहेर उभी. पेपर बुडाला. हे लोक दोन पिढ्यांपूर्वी दूरच्या मुलखातून इथे आलेले, रंगाने चांगलेच काळे. तिची आई शहरातली बस चालवते. शनिवारी ती ड्युटीच्या कपड्यांतच स्टुडिओत आली, कार्ड काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "माझ्या मुलीला तुम्ही धुतलंत का?"

आम्ही सगळ्यांनाच कॉम्प्युटरवर दोन अंक उजळ करतो. गोऱ्याला, सावळ्याला, काळ्याला, सरसकट. भेदभाव केलाच नाही, हेच तर मी तिला सांगत होते. माझं बोलणं संपायच्या आत ती निघूनही गेली. आता मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आलाय: माफीनामा नको, पुढे काय बदलणार ते लिहून द्या, तोवर शाळेचं काम बंद.

ठकू म्हणजे माझी लेक. एकोणतीस वर्षांची, हाडांच्या दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवते. ह्या महिन्याच्या अठ्ठावीसला तिचं लग्न, नोंदणी कार्यालयात, मोजक्या माणसांत. आणि फोटो काढायला तिने दुसरी बाई ठरवली आहे! मला न विचारता. मी म्हटलं, "सोनाराच्या पोरीने कान दुसरीकडून टोचून आणायचे का?" तर म्हणते, "तू त्या दिवशी आई म्हणून ये." अगं, मला दोन हात आहेत, दोन्ही होईल. तिने वर्णद्वेषावरची ही तीन पुस्तकं वाचनालयातून आणून काउंटरवर ठेवली. "हे वाच."

"शाळेला उत्तर लिहायला?"

"हो, त्यासाठीच समज."

मला माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो काढायचेत. बाकी सगळं एकीकडे. तीन पुस्तकं वाचून ती मानणार असेल तर तीस वाचीन.

५ मार्च, बुधवार

जाड पुस्तकाची बावीस पानं झाली. जड जातंय. एक गोष्ट मात्र डोक्यात भुणभुणतेय. मी समजत होते, लोकांना काळा रंग आवडत नव्हता म्हणून त्यांनी काळ्यांना गुलाम केलं. पुस्तक म्हणतं, उलट. आधी फुकटचे राबणारे हात हवे होते, ते धरून आणले, आणि मग मन खाऊ नये म्हणून त्या रंगालाच नावं ठेवली. म्हणजे आधी पाप आणि मागाहून कारण.

बंधुराज काउंटरपलीकडून म्हणाला, "ताई, फार वाचू नकोस, डोळे जातील." हा माझा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर आणि छपाई त्याच्याकडे. त्याच्या मते दोन ओळींचं पत्र लिहून मोकळं व्हावं.

७ मार्च, शुक्रवार

दुसरं पुस्तक आपटलं. काउंटरवर नाही, पलंगावर. वाचनालयाचं आहे.

ह्याची लेखिका म्हणते, वर्णद्वेष करायला माणूस दुष्ट असावा लागत नाही. चांगल्या माणसाच्या हातूनही तो होतो, कारण तो मनात नसतो, सवयीत असतो. आणि कुणी बोट दाखवलं की चांगला माणूसच सगळ्यात जास्त चिडतो. घ्या! म्हणजे चिडलो तरी आपण चोर आणि न चिडलो तरी चोर. असल्या बाईशी भांडायची सोय नाही.

माझा राग असा, की ह्या लोकांना मी कधी दारातून परत पाठवलं नाही. पलीकडच्या चौकातला स्टुडिओ पाठवायचा. मी त्यांच्या लग्नांना गेले, बारशांना गेले, बाळांना मांडीवर घेऊन हसवलं. त्याचं काहीच नाही?

आमच्याकडे एक कळ आहे. फोटो कॉम्प्युटरवर घेतले की बंधुराज ती कळ दाबतो, आणि अख्खा वर्ग एका दमात दोन अंक उजळ होतो. मी विचारलं, "ही कळ बसवायला कुणी सांगितलं होतं रे? गिऱ्हाइकाने?"

"छे! तूच. म्हणालीस, लोक तोंडाने सांगत नाहीत, आपण समजून घ्यायचं."

म्हटलं असेन.

९ मार्च, रविवार

ठकू जेवायला आली. पुस्तकं कुठवर आली ते विचारलं नाही, पण खूण कितव्या पानावर आहे ते हळूच बघून घेतलं. मीही न बघितल्यासारखं केलं.

जेवताना म्हणाली, "आई, आपल्या दोघींचा एक फोटो दे ना. नव्या घरात लावायचाय."

"हजार असतील. कुठला देऊ?"

"कुठलाही. फक्त तू आणि मी, एका चौकटीत."

मी संधी साधली. "फोटो देते. तू त्या बाईला नाही म्हणून कळव."

"आई, ही काय भाजीबाजारातली घासाघीस आहे?" ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "मला त्या दिवशी मी आहे तशी दिसायचंय."

"म्हणजे मी तुला वाईट दाखवते? तुझा पदवीचा फोटो दर्शनी काचेत सहा वर्षं लावलाय मी! लोक विचारतात, ही कोण म्हणून."

"कारण मी त्यात ओळखू येत नाही. त्यात मी बाबांसारखी दिसते."

"मग? तुझे बाबा देखणेच होते."

ती ताट उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. एका ताटाला एवढं पाणी? मी काही वावगं बोलले का? दुपारभर आठवून बघतेय, एक शब्द वाकडा सापडत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज त्या मुलीला परत बोलावलं होतं. आई सुट्टी टाकून घेऊन आली. मी पुस्तकं वाचलेली शहाणी बाई. ठरवलं होतं, कळ दाबायची नाही, जसा येईल तसा फोटो हातात द्यायचा. खरा. हात न लावलेला.

पोर बाकावर बसली, पाठ ताठ, गुडघ्यांवर हात. फोटो काढला, पडद्यावर घेतला. मागे पांढरा पडदा, पांढरी कॉलर, दोन डोळे. मधे नुसता अंधार. नाक कुठे, गाल कुठे, पत्ता नाही.

"हा अगदी खरा आहे हं," मी म्हटलं. "अजिबात हात लावलेला नाही."

आईने पडद्याकडे बघितलं. "आधी धुतलंत. आता पुसलंत."

मग तिने मुलीची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. "ही अशी दिसते. तुम्हाला दिसतेय का?"

दिसत होती की! गालावर तुकतुकी, वरच्या ओठाची रेघ, एका भुवईतला लहानसा व्रण. सगळं दिसत होतं. माझ्या कॅमेऱ्याला तेवढं दिसत नव्हतं. मुलगी मला म्हणाली, "काकू, आधीचा फोटो माझ्या बहिणीसारखा होता. पण मला बहीण नाही." तक्रार म्हणून नाही, आपली माहिती म्हणून. मी तिला पुढच्या बुधवारी परत यायला सांगितलं. येतील असं वाटत नाही. करायला गेले एक!

१३ मार्च, गुरुवार

सकाळपासून स्टुडिओत येरझारा घालतेय. बंधुराजने दोनदा विचारलं, "काही हरवलंय का?"

जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. कॅमेरा इथे, दिवा इथे, बाक इथे. पट्ट्या झिजल्या की त्याच जागी नव्या लावायच्या, पण जागा एकतीस वर्षांत बदलली नाही. त्या खुणा आम्ही स्टुडिओ उघडला त्या दिवशीच्या. ठकूचे बाबा बाकावर बसायचे आणि मी कॅमेऱ्यातून बघून सांगायची, दिवा मागे घे, अजून मागे, बस्स. ते गोरेपान. उजेड थोडा जास्त झाला की चेहरा भाजल्यासारखा यायचा, म्हणून दिवा लांब. सगळा स्टुडिओ ह्यांच्या गालावर बेतलेला! आणि जो त्यांच्यासारखा नव्हता, त्याचा फोटो काळवंडला की मी म्हणायची, चेहराच तसा आहे, आपण काय करणार. मग कळ. म्हणजे ती कळ गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी नव्हतीच, माझ्या चुकीवरचं पांघरूण होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हे त्या जाड पुस्तकातल्यासारखंच झालं. आधी चूक आणि मागाहून कारण. ठकूचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांना सांगायला हवं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

बारक्या पुस्तकात प्रश्न आहेत आणि उत्तराला कोऱ्या जागा. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिता येत नाही, इथेच लिहिते.

प्रश्न सात: तुमच्या घरात रंगाबद्दलचं पहिलं वाक्य कोण बोललं?

उत्तर: ठकू झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "रंग तेवढा आईचा उचलला, बाकी सगळं आमचं." त्या वाईट नव्हत्या. हसून म्हणाल्या, मीही हसले. आठव्या दिवशी बाळाचा फोटो काढला. आधी पावडर लावली.

पण प्रश्न पहिल्या वाक्याचा आहे. हे पहिलं नव्हे. पहिलं माझ्या लहानपणीचं, माझ्या आईचं, माझ्या आणि बंधुराजच्या मधे उभं राहून बोललेलं. ते लिहीत नाही. पुस्तकाला काय करायच्यात एवढ्या चौकशा!

१६ मार्च, रविवार

ठकू आली नाही, कपड्यांची खरेदी आहे म्हणे. बरंच झालं. दिवसभर शटर अर्धं खाली ओढून दिव्यांशी झटापट केली.

सरावाला चेहरा हवा. बंधुराज कामाचा नाही, तो पिठासारखा गोरा. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून टायमर लावून मीच बसले. फक्त दिव्यासाठी. दिवा हातभर पुढे आणला, मग समोरून काढून बाजूला नेला, वर मोठं पांढरं कापड लावलं, मागच्या पडद्यावरचा दिवा कमी केला. बाकावर बसायचं, उठायचं, बघायचं, परत बसायचं. गुडघे बोलायला लागले. त्रेचाळीस फोटो झाले. त्रेचाळिसाव्यात गालाचं हाड उठून आलं, कपाळावर उजेड थांबला, डोळ्यांखालचं सगळं दिसलं. जमलं! मी एकटीच ओरडले.

जुन्या पट्ट्या उखडल्या. नव्या खुणा लाल पट्टीने, आकडे वहीत. बंधुराज डबा द्यायला आला होता, तो पडद्यासमोर थांबून राहिला. "ताई, हा शेवटचा ठेव की."

"कशाला? मला काय स्थळं बघायचीत?"

सगळे पुसून टाकले. काम झालं होतं.

१९ मार्च, बुधवार

आल्या! दोघी आल्या.

पहिल्याच फोटोत व्रणासकट अख्खी पोर पडद्यावर. तिने बराच वेळ बघितलं, मान तिरकी केली, परत बघितलं. मग आईच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू आलंच, "ही मी आहे."

आई "थँक्यू" म्हणाली नाही. का म्हणावं? म्हणाली, "शाळेत आमची अजून अठ्ठावीस मुलं आहेत. सगळ्यांचे परत काढा. आणि फाटकाबाहेर थांबायची पाळी आली ती फक्त माझ्या मुलीवर नव्हती, तेही शाळेला लिहा." मी कागद पुढे ओढला आणि तिच्यासमोरच लिहायला घेतलं. दिवे कसे बदलले, कळ काढून टाकली, कुणाचाही चेहरा विचारल्याशिवाय बदलणार नाही. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. बरोबर होती.

पाच वाजता ठकूला फोन करून सगळं सांगितलं. "बघ, आता तरी लग्नाचे फोटो मला काढू दे. आता तू आहेस तश्शी येशील."

"मला अभिमान वाटतो तुझा," ती म्हणाली. "पण नाही. तू तो आपला फोटो शोधलास का?"

हे काय लावलंय तिने त्या फोटोचं!

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस शोधतेय. खोकी, पाकिटं, निगेटिव्हच्या पट्ट्या, कॉम्प्युटरमधलं सगळं. ठकू बाबांबरोबर, ठकू आजीबरोबर, मामाच्या खांद्यावर, सायकलवर, दात पडलेली, दात आलेली, पहिल्या पगाराच्या दिवशी. सगळ्यांत उजळ. माझ्याबरोबरचा एकही नाही.

अहो, फोटो काढणारी मी, तर फोटोत येणार कोण? साधी गोष्ट आहे. प्रत्येक फोटोग्राफरच्या घरी हेच असणार.

एक सापडला. ठकू पाच महिन्यांची, नीट बसता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी मागून दोन्ही हातांनी धरलंय. हात माझे आहेत. कोपरापर्यंत आहेत, मग चौकट संपते. निगेटिव्ह उजेडात धरून बघितली. तिच्यात मी पूर्ण आहे. बाळाकडे बघून हसतेय. छापताना कापलंय. कुणी कापलं ते विचारायला नको, डार्करूममध्ये तेव्हा मीच असायची. निगेटिव्हवर बुरशी चढून माझा अर्धा चेहरा गेलाय, आता छापूनही उपयोग नाही.

आज दुसरं काही लिहवत नाही.

२३ मार्च, रविवार

ठकूला सांगून टाकलं, नाहीये म्हणून. मनात होतं, चिडेल.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मग शोधायला कशाला लावलंस?"

"मला वाटत होतं, मी चुकतेय असं निघावं."

मी तेच म्हटलं, की मीच काढत होते ना. ती म्हणाली, "टायमर होता, आई." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अठ्ठावीसला कॅमेरा घरी ठेव. मला तू चौकटीत हवी आहेस. तेवढंच मागतेय." ती गेल्यावर कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली, काढली, परत लावली.

२९ मार्च, शनिवार

झालं लग्न. कॅमेरा नेला नाही.

दोन हातांचं करायचं काय, हेच कळेना. आधी पर्स धरली, मग पदर, मग जावईबापूंच्या आईचा हात धरून बसले, त्या बिचाऱ्या घाबरल्याच. फोटो काढणारी तरुण पोरगी आहे, चटपटीत. मी तीनदा म्हटलं, "दिवा जवळ घे गं." तिसऱ्यांदा ती हसून म्हणाली, "घेतलाय काकू, तुम्हीच जरा जवळ या."

ठकू सुरेख दिसत होती. तिचाच रंग, तिच्याच गालावर. मला वाटलं होतं, मला चुटपुट लागेल. नाही लागली.

मग आमच्या दोघींची पाळी. मी म्हटलं, मी आपली कडेला उभी राहते. ठकूने माझ्या कोपरात हात अडकवून ओढलं. "कडेला नाही. इथे." इतका घट्ट हात, की अजून दंड दुखतोय. कॅमेऱ्याच्या काचेत बघवेना मला. मी ठकूकडेच बघत राहिले, आणि त्या पोरीने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

२ एप्रिल, बुधवार

फोटो आला. मोठा करून छापून, चौकट करून आजच ठकूकडे पोचवायचा आहे. चांगला काढलाय, जळो मेलं, पण चांगलाच काढलाय. ठकूच्या चेहऱ्याला मी हात लावला नाही. लावावासा वाटलासुद्धा नाही.

एवढ्यात तिचाच फोन.

"बघितलास?"

"बघितला. फार गोड आली आहेस गं."

"आपण दोघी, आई! एका चौकटीत!"

"हो. छापायलाच घेतेय."

"हात नाही ना लावलास?"

"तुझ्या चेहऱ्याला? शपथ. एक ठिपका हलवला नाही."

मग म्हणाली, "आणि तुझ्या?"

"दोनच अंक गं. भिंतीवर लागणार, येणारे-जाणारे बघणार, तुझ्या शेजारी बरं दिसायला नको?"

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं, रडतेय. लग्नात डोळ्याला पाणी नव्हतं हिच्या, आणि आज ही! मी म्हटलं, "अगं वेडे, तुला नाही लावला म्हणतेय ना हात!"

"आई," ती म्हणाली, "माझा रंग तुझाच आहे."

आणि मग, "छापू नकोस. काही बंद करू नकोस. मी येतेय."

यायला तिला वीस मिनिटं लागतील. पडद्यावर आम्ही दोघी आहोत. ती आहे तशी आणि तिच्या शेजारी कुणीतरी तिची लांबची मावशी. दोन अंक मागे घ्यायचे, एका बोटाचं काम. डाव्या हाताचं बोट मागे घ्यायच्या बटणावर ठेवून उजव्या हाताने हे लिहितेय. बारा मिनिटं झाली. दाबवत नाही.